अजगर मेल्याची बातमी

शनिवारी दुपारी जेवण उरकल्यावर मेइरझानने मित्रांच्या ग्रुपवर आपलं रोजचं बातमीपत्र टाकलं. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात खर्डेघाशी करणाऱ्या, आईच्या हातचं खाऊन सुखात असलेल्या माणसाच्या आयुष्यात बातम्या त्या किती असणार. पण हा नेम त्याने कधी चुकवला नव्हता. आजचं बातमीपत्र असं होतं: "आमच्या इमारतीचं गरम पाणी पुन्हा गेलं. आईने खिमा भरून वाफवलेल्या कालच्या मांती आज जास्त चांगल्या लागल्या. शेजारच्या मोल्दिरला बाळंतपणासाठी नेलंय, माझी आईपण तिकडेच. घरात मी एकटा. आज अजगर मरणार म्हणजे मरणारच."

अजगर खेळातला होता. सात तोंडांचा, दगडी किल्ल्यात वेटोळं घालून बसलेला. मेइरझान, दातांच्या कवळ्या बनवणारा एल्दोस आणि बाजारात आईच्या कोशिंबिरीच्या गाळ्यावर बसणारा वितालिक किम हे तिघे शरद ऋतूपासून दर सुट्टीला आपापल्या घरून त्या किल्ल्यावर चाल करून जात आणि दर सुट्टीला मार खाऊन परत येत. आज वितालिकला गाळा सोडता येत नव्हता. त्याने बजावून ठेवलं होतं, "मेला तर पहिल्यांदा मला सांगा. गिऱ्हाईक समोर असलं तरी सांगा."

बातमीपत्रात एक गोष्ट मात्र आली नव्हती. मोल्दिरचा नवरा अस्खात निघताना मेइरझानचा हात धरून म्हणाला होता, "माझ्या आईचा फोन मी घेऊन चाललोय. सकाळपासून तिने दवाखान्यात इतके फोन केलेत की आता तिचा आवाज ऐकला की तिथली बाई फोन ठेवते. बाळ झालं की मी तुला कळवतो. तू जाऊन तिला सांग. सुयिन्शीपण तूच घे."

"निर्धास्त जा," मेइरझान म्हणाला होता.

काम मानाचं होतं. आनंदाची बातमी आणणाऱ्याने दारातूनच 'सुयिन्शी!' असं ओरडायचं, घरच्याने 'हवं ते माग' म्हणायचं, आधी बक्षीस हातात पडायचं आणि मगच बातमी तोंडाबाहेर काढायची. अस्खातची आई रिस्ती अपा या बाबतीत फार कडक. नऊ वर्षं त्यांनी नातवंडाची वाट पाहिली होती. आज त्या भिंतीपलीकडे फोनशिवाय बसल्या होत्या. त्यांचा सगळा जीव या एका मेइरझानच्या भरवशावर टांगलेला होता.

आणि मेइरझानने काय केलं, तर फोनचा आवाज बंद करून तो दिवाणावरच्या गादीखाली सरकवला. मागच्या खेपेला ऐन लढाईत मावशीचा फोन आला होता आणि तेवढ्यात अजगराने त्याला गिळलं होतं. "पाचच मिनिटं," तो स्वतःशी म्हणाला. "पहिलटकरणीला वेळ लागतोच." बाळंतपणातलं त्याला काडीचं कळत नव्हतं, पण त्या क्षणी त्याला अगदी सुईण असल्यासारखी खात्री वाटली. कानांवर हेडफोन चढवून तो किल्ल्यात शिरला.

पाच मिनिटांची किती मिनिटं झाली कोण जाणे. सहा तोंडं पडली. सातवं एल्दोसच्या मागे लागलं. "अरे मला वाचव, मरतोय मी!" एल्दोस कानात किंचाळला. मेइरझानने डोळे मिटून घाव घातला, आणि उघडून बघतो तर अजगर किल्ल्याच्या पायऱ्यांवर आडवा!

मेइरझान खुर्चीवर उभाच राहिला. बाजारात फोन कानाला लावून खेळातलं बोलणं ऐकत बसलेल्या वितालिकसाठी त्याने छाती फुटेस्तोवर हाक घातली, "सुयिन्शी! सुयिन्शी!"

"हवं ते माग!" वितालिकही तिकडून तितक्याच जोरात ओरडला.

"बादलीभर गाजराची कोशिंबीर!"

"दिली! सांग आता!"

पण सांगायला उसंत मिळाली नाही. मेइरझानच्या डोक्यावर काहीतरी टणकन आदळलं. मग पाठीवर. मग कीबोर्डावर गोळ्या-चॉकलेटांची सरच कोसळली, आणि त्यात कुर्तचे, म्हणजे दह्याचे दगडासारखे सुकवलेले गोळेही होते. हेडफोन काढून तो वळला. त्याची आई जाताना किल्ली रिस्ती अपांकडे ठेवून गेली होती. त्या दारात उभ्या होत्या, ओंजळ रिकामी, गाल डोळ्यांतल्या पाण्याने भिजलेले. मागे खालच्या मजल्यावरच्या कुल्याश अपा पिशवी घेऊन शुभ बातमीच्या रिवाजाप्रमाणे मूठ मूठ उधळत होत्या.

"हवं ते माग, माझ्या राजा!" रिस्ती अपा म्हणाल्या. "माझ्या भावाकडचं घोड्याचं शिंगरू माग! काय वाटेल ते माग!"

मेइरझानला काही समजेना, आणि समजलं तेव्हा तो घाईने खुर्चीवरून खाली उतरला.

"अपा, थांबा. ते तसं नाहीये…"

"गप!" अपांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "एक अक्षर बोलू नकोस. बक्षिसाआधी बातमी सांगून अपशकुन करतोस? इथेच थांब." आणि सांधेदुखीने बेजार असलेली ती बाई धावत आपल्या घरात गेली.

"अरे ए," टेबलावरच्या हेडफोनमधून एल्दोसचा बारीक आवाज आला, "तिकडे काय चाललंय? लग्न लागतंय का कुणाचं?"

मेइरझानने घाईघाईने तो हेडफोन उशीने झाकला. कुल्याश अपा तोवर दिवाणावर ऐसपैस बसून घाम पुसत होत्या. "भिंतीला कान लावून बसली होती रे बिचारी अस्खात गेल्यापासून," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होते, चहा तरी पी. नाही म्हणाली. तुझी हाक ऐकली नि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली बघ."

आता सांगून टाकावं, असं मेइरझानला वाटलं. तेवढ्यात रिस्ती अपा परत आल्या. त्यांच्या हातात जरीकाम केलेला निळ्या मखमलीचा चापान होता. त्यांचे यजमान लग्नात, सणासुदीला, मोठ्या समारंभात घालायचे तो हा झगा. ते जाऊन सहा वर्षं झाली होती.

"ते म्हणाले होते, नातवंडाची बातमी जो आणेल त्याच्या अंगावर हा घाल," अपा म्हणाल्या. टाचा उंचावून त्यांनी तो मेइरझानच्या खांद्यांवर चढवला, पुढून नीट ओढला, आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. "हं. आता सांग, बाळा. मुलगा की मुलगी?"

खाली जुनाट घरगुती विजार, वर मखमली चापान, केसांत अडकलेलं एक चॉकलेट, अशा थाटात मेइरझान उभा होता. धरणी दुभंगावी असं त्याला मनापासून वाटत होतं. खोटं बोलावं तर कुठल्या तोंडाने? आणि खरं बोलावं तर तेही याच तोंडाने.

"अजगर," तो म्हणाला.

"काय?"

"अजगर मेला, अपा. खेळातला. मी वितालिकला सांगत होतो."

कुल्याश अपांचा हात पिशवीतच राहिला. रिस्ती अपांना पहिल्यांदा कळलंच नाही. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे अजगर अजून पायऱ्यांवर पडलेला होता आणि त्याच्याभोवती सोनेरी चांदण्या नाचत होत्या.

"हा?" त्यांनी विचारलं.

"हा."

"बरं," अपा हळूच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या, आणि मेइरझानच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

शिव्यांचं खातं कुल्याश अपांनी सांभाळलं. "लाज नाही वाटत रे मेल्या? घोड्याएवढा झालास! नऊ वर्षं वाट बघितलेल्या घरात बाळ यायच्या आधी खोटी सुयिन्शी? काही वाईटवाकडं झालं म्हणजे?"

"कुल्याश, नको," रिस्ती अपा म्हणाल्या. त्यांनी मेइरझानच्या खांद्यांवरून चापान उतरवला आणि घडी घातली. कुल्याश अपांनी मात्र वाकून एकेक चॉकलेट वेचायला घेतलं. खऱ्या बातमीला लागतील म्हणाल्या. मेइरझानही गुडघ्यांवर बसून टेबलाखालची काढून देऊ लागला. शेवटचं केसांतलं त्याने स्वतःच काढून त्यांच्या पिशवीत टाकलं. मग दोघी गेल्या.

त्याने गादी उचलून फोन बाहेर काढला. अस्खातचे फोन येऊन गेले होते. आईचे येऊन गेले होते. आणि सगळ्यांच्या खाली, केव्हाचा, आईचा संदेश पडून होता: "मुलगी झाली. दोघी छान आहेत. पळ, अपांना सांग. सुयिन्शी घ्यायला विसरू नकोस."

मेइरझान अनवाणी धावला. रिस्ती अपांच्या दारापाशी पोचून त्याने हाक मारायला तोंड उघडलं. थोड्या वेळापूर्वी जो शब्द एवढा जोरात निघाला होता, तो आता कुजबुजीएवढाच आला.

"सुयिन्शी, अपा."

दाराआडून आवाज आला, "आता काय मेलं? सुसर?"

"अपा, खरंच. मला काही नको. बक्षीस नको, चापान नको. नुसतं ऐका."

"नको?" दार उघडलं. अपांनी चेहरा धुतला होता, पण डोळे लाल होते. "बातमी खरी असती तर फुकट दिली असतीस का रे? माझ्या उभ्या आयुष्यात सुयिन्शी फुकट सांगणारा माणूस मी पाहिला नाही. जा, खेळ जा. तुझ्यावर राग नाही माझा."

"अहो खरी आहे!"

"मग माग काहीतरी."

"कुठल्या तोंडाने मागू?"

"बघ. खोटीच आहे."

त्या दार लावून घेऊ लागल्या. मेइरझान पुरता कात्रीत सापडला. मागावं तर निर्लज्जपणाची कमाल, न मागावं तर म्हातारी रात्रभर अशीच झुरणार. त्याने दारात पाय घातला, मान खाली घातली आणि त्याला त्या क्षणी जगात जे सगळ्यात जास्त हवं होतं ते मागितलं.

"हे आजचं… आईला सांगू नका."

अपा त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याचे अनवाणी पाय, लालबुंद कान, रडवेला चेहरा त्यांनी नीट निरखला. असलं मागणं कुणी गंमत म्हणून मागणार नाही, हे त्यांना पटलं असावं.

"दिलं," त्या म्हणाल्या. "सांग."

"मुलगी झाली, अपा. दोघी छान आहेत."

अपा तिथेच उंबऱ्यावर बसल्या. मेइरझानही त्यांच्यासमोर बसला. त्यांनी त्याचं डोकं जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला, मग दुसरा घेतला, आणि दोघंही थोडा वेळ रडले. अपा आनंदाने रडल्या. मेइरझानचं त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

"केव्हा झाली रे?" डोळे पुसत अपांनी विचारलं.

मेइरझान उंबऱ्याकडे बघू लागला.

"मघाशी."

"मघाशी म्हणजे? अजगराच्या नंतर?"

"…आधी."

"बरीच आधी?"

"फोन गादीखाली होता, अपा. आवाज बंद करून ठेवला होता."

"म्हणजे माझी नात जगात आली," अपा सावकाश म्हणाल्या, "आणि तू तिला गादीखाली दाबून ठेवलीस. वर कुल्याशला बसवलीस."

मेइरझानने हात जोडले. "अपा, पाया पडतो. हेही आईला…"

"छे! एका सुयिन्शीला एकच मागणं," अपा उठत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं होतं. "खोट्या हाकेचं नाही सांगणार, शब्द दिलाय. गादीचं गप्प बसायचं असेल तर दुसरी आनंदाची बातमी घेऊन ये. तुझं लग्न ठरल्याची चालेल."

तेवढ्यात खाली पावलं वाजली, तसं मेइरझानने जिन्यातून खाली वाकून पाहिलं. दवाखान्यातून परतलेली त्याची आई दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती.