दुसऱ्या झाडाखालचे साहेब

एका जंगलात, बाळांनो, न्याय राहत होता. हसू नका. खरंच राहत होता. तो कोणाला भेटत नसे, एवढंच.

न्यायदानासाठी तिथे मोठमोठी झाडं होती. प्रत्येक झाडाखाली एक न्यायाधीश बसे. आपल्या गोष्टीत फक्त वडाखालचे गवामहाराज येतात. ते दिवसभर रवंथ करत, आणि कोणी काही विचारलंच तर म्हणत, "प्रकरण विचाराधीन आहे."

त्याच जंगलात रेघा नावाची खार होती. मोहाच्या झाडात तिच्या आईची एक उबदार ढोली होती. एकदा आई दाणे वेचायला गेली आणि परत येऊन बघते तर आत घुबड!

"अहो, ही माझी ढोली आहे," आई म्हणाली.

"सिद्ध कर," असं म्हणून घुबड झोपी गेलं.

तेव्हापासून आई पिल्लांना घेऊन फांदीच्या बेचक्यात राहू लागली. वारा सुटला की पिल्लं रडत. एक तर खाली पडून कायमचं लंगडं झालं. ते पाहून रेघाने शेपटी आपटली. म्हणाली, "आई, मी कायदा शिकते आणि तुझी ढोली सोडवते."

तुम्हीही लहानपणी अशा शपथा घ्याल. घ्या. पुढे फर्म भेटते.

रेघा शिकली. रात्रंदिवस घोकून पहिली आली. शेवटच्या वर्षी तिच्या विद्यालयात 'घोरपड, तरस आणि मंडळी' ही नामांकित फर्म आली. त्यांनी फलक लावला, 'संधी तुमचं दार ठोठावते आहे!' जंगलात कोणाला दार नव्हतं, आणि रेघाच्या घरी तर ढोलीही नव्हती. पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

तरसवकील भाषणाला उभे राहिले. "आमच्याकडे शिकाऊंना घरच्यासारखं वागवतात," असं म्हणून ते बराच वेळ हसत राहिले. मुलांना वाटलं, तरसच तो, स्वभावच असेल.

रेघाने विचारलं, "खायला काय मिळेल?"

"अनुभव."

"तो चावून खायचा का?"

"छे! तो गिळायचा," तरसवकील म्हणाले.

रेघा फर्ममध्ये रुजू झाली. पहिल्याच दिवशी ती धावत घोरपडसाहेबांकडे गेली. साहेब खडकावर ऊन खात पडले होते.

"साहेब, बळकावलेल्या ढोलीबद्दल मला कायद्यात एक मुद्दा सापडलाय!"

"छान. जपून ठेव. आता उभी राहून दाखव."

"उभीच आहे, साहेब."

"याला उभं राहणं म्हणतात? पोरी, वकिली म्हणजे उभं राहणं. मुद्दे काय, पुस्तकातही असतात." साहेबांनी एक डोळा उघडला. "कान पाड. खांदे झुकव. थोडी धाप लागू दे, पळत आल्यासारखी. आता म्हण, 'महाराज, आमचे साहेब दुसऱ्या झाडाखाली उभे आहेत. पुढची तारीख मिळावी.'"

"पण साहेब, तुम्ही तर इथे पडला आहात."

"म्हणून तर तू जायचंस," साहेब म्हणाले आणि डोळा मिटला.

झालं. रेघाचं प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी उठायचं, कान पाडायचे, तारीख मागायची. सशाच्या बिळाचा दावा असो की साळिंदराच्या घटस्फोटाचा, वाक्य एकच. सुरुवातीला तिला धाप खोटी आणावी लागे. मग या झाडाखालून त्या झाडाखाली धावून धावून ती खरीच लागू लागली. साहेब खूश झाले. "पोरगी तयार होतेय," असं ते चारचौघांत म्हणू लागले. आता मात्र मला तिचा राग येतो, बाळांनो, कारण हे ऐकून तिला आनंद व्हायचा.

अखेर आईच्या ढोलीचा दावा गवामहाराजांपुढे आला. रेघाने तासाभराची रजा मिळवली. आई पिल्लांना घेऊन वडाखाली आली. लंगडं पिल्लू तिच्या पाठीवर होतं. घुबड आलंच नव्हतं. दिवस होता ना, ते ढोलीत झोपलं होतं.

गवामहाराजांचा रवंथ नुकताच संपला होता. ते चक्क प्रसन्न होते. "समोरचा पक्ष हजर नाही," ते म्हणाले. "एकतर्फी निकाल देऊन टाकतो. बोला, काय मागणं आहे?"

"ढोली द्या," एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द!

रेघा उभी राहिली. उभी राहताच तिचे कान आपोआप पडले. खांदे झुकले. धाप लागली. आणि तोंडातून बाहेर पडलं, "महाराज, आमचे साहेब दुसऱ्या झाडाखाली उभे आहेत. पुढची तारीख मिळावी."

"मिळाली," गवामहाराज म्हणाले. "पुढच्या वर्षी, मोह फुलेल तेव्हा."

"नाही, नाही, महाराज! चुकून गेलं तोंडातून!" रेघा ओरडली. पण महाराजांनी पुढचं प्रकरण पुकारलं होतं आणि नवा घास तोंडात घेतला होता.

आईने तिची शेपटी ओढली. "अगं, कोण साहेब? आपले कुठे कोण साहेब आहेत?"

रेघा खूप रडली. फर्ममध्ये मात्र पेढ्यांसारखी जांभळं वाटली गेली. "सख्ख्या आईच्या दाव्यात तारीख घेतली!" घोरपडसाहेब सद्गदित झाले. "अशी निष्ठा शिकवून येत नाही."

ही कीर्ती घुबडापर्यंत पोचली. ते त्याच रात्री फर्मचं अशील झालं. अट एकच, वकील म्हणून हीच खार हवी.

"साहेब, समोर माझी आई आहे," रेघा म्हणाली.

"म्हणूनच! समोरच्या पक्षाची इतकी आतली माहिती आणखी कोणाला असणार? याला संधी म्हणतात. हो म्हण, आजपासून कायम. नाही म्हण, तर विद्यालयात खारी भरपूर आहेत."

रेघाला नाहीच म्हणायचं होतं. पण तिने विचार केला, कायम झाले तर निदान पिल्लांना दाणे तरी पोचवता येतील. असा विचार केला की हो म्हणणं सोपं जातं.

मोह फुलला. वडाखाली एका बाजूला आई उभी राहिली, एकटी. तिला वकील कुठला परवडायला? दुसऱ्या बाजूला रेघा, कान पाडून. नुसतीच धापा टाकत राहिली.

"काय म्हणायचंय?" गवामहाराजांनी विचारलं.

आईने लेकीकडे पाहिलं. किती वाळली होती पोर! मागे खडकावरून घोरपडसाहेब दोन्ही डोळे उघडून बघत होते.

आई पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "महाराज, द्या हो तिला तारीख. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

तात्पर्य: बाळांनो, खूप शिका, मोठ्या फर्ममध्ये लागा आणि आईवडिलांचे पांग फेडा. मात्र आईवडिलांना तोपर्यंत बेचक्यात राहायची सवय असावी.