सिद्राममास्तरांच्या सासूबाई

आमच्या गिरणीतले सिद्राममास्तर कुणी भेटलं की रामराम करत नसत. "भ्या की जरा!" म्हणत. सकाळी फाटकात भेटले तरी हेच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी हेच. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला दम देतो आहे. मग त्याच्या लक्षात यायचं, की दम देणाऱ्याचेच हात थरथरताहेत.

मास्तर आमच्या गिरणीचे वीजवाले. सोलापूरच्या गिरण्यांत तेव्हा वीज नवी नवी होती. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यावरची माणसं फाटकाशी उभी राहून नुसती बघत. मी हजेरीच्या खिडकीत बसणारा कारकून. माझ्या खिडकीसमोरच ब्लोरूमचं दार होतं, आणि मास्तरांचा निम्मा दिवस त्या दारात जाई. त्यामुळे त्यांच्या सगळ्या तऱ्हा मला बसल्या जागी फुकटात बघायला मिळाल्या.

विजेला भिणारा वीजवाला म्हणजे पाण्याला भिणारा कोळी. मग चेष्टा व्हायचीच. त्यात मास्तर विजेचं नाव घेत नसत. तिला ते 'सासूबाई' म्हणत. "सासूबाई भिंतीत हायेत. झोपल्यात असं समजू नगासा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बटणाला हात लावण्याआधी ते हात धोतराला पुसत, पायाखाली रबराचा तुकडा सरकवत, आणि डावा हात पाठीशी नेऊन उजव्याच हातानं काम करत. मी एकदा विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, "सासूपुढं दोन हात नाचवू नयेत, कुलकर्णी. एकानंच वाढावं आन् मागं सरावं."

खरी सासू त्यांना कधी मिळालीच नाही. पन्नाशी जवळ आली तरी त्यांचं लग्न झालं नव्हतं. अक्कलकोटकडच्या कुठल्याशा खेड्यातून ते पोटासाठी आले आणि गिरणीमागच्या एका खोलीत राहिले. त्या खोलीत विजेचा दिवा नव्हता, हे सांगायला नकोच.

ब्लोरूम म्हणजे कापसाच्या गाठी फोडून रुई पिंजायचं खातं. यंत्र चालू झालं की रुईचं तूस हवेत असं काही भरतं, की उन्हाच्या तिरिपेत समोरचा माणूसही धुरकट दिसतो. आत काम करणाऱ्या बायांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या होत. आम्हाला त्याचं हसू यायचं. मास्तरांना घाम फुटायचा. "ही हवा न्हाय," ते सांगत, "ही फटाक्याची दारू हाय. फकस्त वात लावायची राह्यलीया."

म्हणून त्या खात्यातले दिवे त्यांनी जाड काचेच्या हंड्यांत कोंडले होते. वर लोखंडी जाळी, फटीत रबराचं कडं. ठिणगी पडली तरी काचेच्या आतल्या आत मरावी, हा हिशेब. रोज सकाळी शिडीवर चढून ते एकेक हंडी चाचपत, कड्याला कान लावत. रबराला कान लावून काय ऐकू येतं, ते सासूबाईंनाच ठाऊक. दारात ते माणसांची झडती घेत. विडी-काडी तर काढून घेतच, पण पायताणही उलटं करून बघत. खिळ्यांची पायताणं फरशीवर घासली की ठिणगी उडते म्हणून ती बाहेर काढायला लावत. मुकादमाच्या नव्या करकरीत जोड्यांचे खिळे त्यांनी पकडीनं उपटले, तेव्हा तर मारामारीच व्हायची बाकी होती.

नवी माणसं कामावर आली की मास्तर अंगणात शाळा भरवत. एका पत्र्याच्या डब्यात पेटती मेणबत्ती ठेवत, बुडाच्या भोकात नळी घालून तिच्यात चिमूटभर बारीक पीठ भरत, वर झाकण घट्ट दाबत. मग लांबूनच नळीत फुंकर. धाडकन आवाज व्हायचा आणि झाकण पार कौलांवर जाऊन पडायचं. गंमत अशी, की सगळ्यांत उंच उडी मास्तरांचीच असायची. वर्षानुवर्षं तोच डबा, तेच पीठ, तरी फुंकर मारली रे मारली, की हा माणूस कान दाबून सर्वांत धिप्पाड हमालाच्या मागे दडायचा. माणसं पोट धरून हसायची. मग मास्तर पुढे येऊन म्हणायचे, "हे चिमूटभर पीठ हुतं. आत खोलीभर तूस हाय, आन् झाकणाच्या जागी तुमी हाय." हसू तिथेच थांबायचं.

मीही हसणाऱ्यांतलाच. पण ती शाळा इतक्यांदा कानांवर पडली, की पुढेपुढे मीही ब्लोरूमच्या दारातून जाताना पायताण उलटं करून बघायला लागलो. घरी चूल पेटवताना बायको पीठ चाळायला बसली तर मी ओरडायचो. भीती ही गोवरासारखी लागते.

एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, तुमचं कुणी आगीत गेलं होतं का?" मला वाटलं, भाऊ, बहीण, कुणीतरी असणार. ते म्हणाले, "कुणी न्हाय. आपलं कुणी मरावंच लागतंय व्हय भ्यायला?"

मग आली खंडेनवमी. गिरणीत त्या दिवशी यंत्रांची पूजा. प्रत्येक खात्यात झेंडूची तोरणं, यंत्रांना हळदकुंकू, निरांजन, कापूर, आणि पूजा झाली की यंत्राला एक फेरा द्यायचा. मास्तर दरवर्षी आधीचे आठ दिवस जेवत नसत म्हटलं तरी चालेल. ब्लोरूममध्ये निरांजन नको, म्हणून ते बायांच्या पाया पडत फिरत. भागव्वा म्हणून एक पोक्त बाई त्या खात्यात होती. तिची जीभ म्हणजे विळी. ती म्हणायची, "बिनदिव्याची आरती मयताला तरी करत्यात का, मास्तर?" शेवटी मास्तरांनीच तोड काढली. यंत्राचा एक सुटा रूळ उपरणं अंथरून पाटावर बसवायचा आणि वाजतगाजत अंगणात आणायचा. "देव पालखीतनं भाईर येतोय की! मग यंत्राला काय झालं?" बायांना ते पटलं. आरती अंगणात होऊ लागली.

पण त्या वर्षी शेठ स्वतः पूजेला येणार होते. खात्याच्या साहेबांना हुरूप आला. त्यांनी मुंबईहून रंगीत दिव्यांची माळ मागवली आणि ती ब्लोरूमच्या यंत्रावरच सोडायची ठरवली. उघडे दिवे, बारीक तार, सांध्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. मास्तरांनी ती हातात घेतली आणि साप हातात आल्यासारखी खाली टाकली.

"साहेब, अंगणात लावा. झाडावर लावा. माज्या डोक्यावर लावा. आत नगा."

"अहो, पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"सासूबाईला एक मिनिट बी लई होतंय, साहेब."

साहेब हसले. दुसऱ्या खात्यातला माणूस बोलावून त्यांनी माळ लावून घेतली आणि मास्तरांना सांगितलं, आज कशालाही हात लावायचा नाही, लावलात तर या खात्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मास्तर माझ्या खिडकीशेजारच्या फ्यूजच्या पेटीपाशी जाऊन उभे राहिले.

शेठ आले. अंगणातली आरती झाली. मग सगळे आत शिरले. नवी लुगडी नेसलेल्या बाया, त्यांची कडेवरची पोरं, मुकादम, हमाल, सगळी. मी दारात थांबलो. माळ पेटली तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या. खरंच सुंदर दिसत होती ती, तांबडी, हिरवी, पिवळी. साहेबांनी यंत्राला फेरा द्यायची खूण केली.

यंत्र हाललं आणि कोपऱ्याकोपऱ्यांत बसलेलं तूस उठलं. माळ थरथरू लागली. तिचा एक सांधा यंत्राच्या लोखंडी कुशीला टेकत होता, सुटत होता, पुन्हा टेकत होता. तिथे निळसर काही लुकलुकलं. खरंच लुकलुकलं, की मास्तरांची शाळा माझ्या डोळ्यांत बसली होती म्हणून मला तसं दिसलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी भ्यालो. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. ओरडायचं सोडून दारातून एक पाऊल मागे घेतलं तेही मला कळलं नाही. वळून पाहिलं तर मास्तर रडत होते, आणि दोन्ही हातांनी पेटीतला फ्यूज ओढत होते.

माळ विझली. यंत्र बंद पडलं. तूस सावकाश खाली येऊन शेठच्या पगडीवर बसलं. मग भागव्वाचा आवाज आला, "अपशकुन झाला गं बायांनो! भाईर चला, भाईर!" आणि ती सबंध गर्दी, शेठसकट, अंगणात आली.

पुढे काय झालं? काहीच नाही. मास्तरांनी फ्यूज ओढला नसता तरी कदाचित काहीच झालं नसतं. साहेबांचं म्हणणं तेच होतं, आणि ते खोटं कुणी पाडायचं? त्यांनी मास्तरांना दुसऱ्या दिवशीच गिरणीच्या पार मागच्या टोकाला, वीजघरात धाडलं. माळेचं म्हणाल, तर ब्लोरूमला माळ सोसत नाही, देवाचा कौल नाही, असं बायांनी ठरवून टाकलं. पुन्हा तिथे माळ लावायची कुणाची छाती झाली नाही. मास्तरांच्या एवढ्या वर्षांच्या शाळेला जमलं नाही, ते एका अपशकुनानं केलं.

वीजघरातून ब्लोरूमचं दार दिसत नाही. आठवड्यानं एका संध्याकाळी मास्तर माझ्या खिडकीशी आले आणि खाली मान घालून म्हणाले, "कुलकर्णी, सुट्टीला ब्लोरूमची समदी माणसं भाईर पडलेली तुमाला हितनं दिसत्यात. तेवढं मला रोज सांगत जावा. न्हायतर घास उतरत न्हाय."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस इतकी वर्षं सुट्टीच्या वेळी त्या दारात कशासाठी रेंगाळायचा. आम्ही म्हणायचो, घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून वेळ काढतो.

मी रोज सांगू लागलो. मग एकदा तापानं पडलो आणि दोन दिवस कामावर गेलो नाही. भागव्वा माझ्या घरावरून जाई, तिला मी ही गोष्ट सांगितली आणि म्हटलं, सुट्टीला सगळी बाहेर पडल्याचं मास्तरांच्या कानांवर घाल. तिनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. "त्या भित्र्याला आता रोज हजेरी द्यायची व्हय?" म्हणाली आणि निघून गेली.

बरा होऊन कामावर गेलो. सुट्टीचा भोंगा झाला तशी निरोप द्यायला मागे वीजघराकडे निघालो, तर ब्लोरूमच्या बाया फाटकाची वाट सोडून तिकडेच चालल्या होत्या. डोक्यांवर तूस तसंच, पोरं कडेवर. भागव्वा वीजघराच्या दाराशी थांबली आणि आत ओरडली, "मास्तर, आलाव बगा आमी भाईर. समद्या हाव. जेवा आता."

मास्तर आतून म्हणाले, "बरं. सावकाश जावा."

आणि दार लोटून घेतलं.