पटवर्धनकाकांचा राखीव निकाल

आधी नाव घेतो, मग हकीकत सांगतो. पटवर्धनकाका होते म्हणून माझी मेथी, माझी कोथिंबीर आणि माझी झोप शाबूत आहे.

हे काका झाडाला भेटायला जाताना होकायंत्र नेतात. बाकीचे लोक झारी नेतात, खुरपं नेतात. काका खिशातून होकायंत्र काढतात, पानाला टेकवतात, एक डोळा मिटतात आणि वहीत लिहितात. संगणकाच्या चिपा बनवायची यंत्रं जिथे तयार होतात, त्या कारखान्यात, इथे नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला, त्यांची अख्खी नोकरी झाली. केसाच्या जाडीएवढी चूक दिसली तरी त्यांचं पोट दुखतं. त्यांच्यापुढे साधं "आज पाऊस येणार बघा" म्हणायचीही सोय नाही.

"पुरावा?"

"ढग आलेत की, काका."

"ढग हा संशय झाला, मारुती. पुरावा नव्हे."

मी इथल्या एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळतो. शाळा नववीतच सोडली. दारात पाकीट पडलं की अजून मला गुणपत्रिका आल्यासारखं धस्स होतं. काका एकदा जेवायला आले आणि कोथिंबीर शिळी आहे म्हणाले, तेही देठ मोडून, पुराव्यासकट. मी म्हटलं, जागा असती तर ताजी लावली असती. झालं! पुढच्या महिन्यात गावाबाहेरच्या भाड्याच्या बागेतला स्वतःचा अर्धा तुकडा त्यांनी रीतसर माझ्या नावावर लावून दिला. या बागांसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेले असतात. मला हे कसं मिळालं, अजून खरं वाटत नाही.

अट एकच होती. माझ्या अर्ध्यातलं, कुंपणाजवळचं एक झाड उपटायचं नाही. झाड कसलं, नुसती पानं. ना खोड, ना फूल. जमिनीतून उभीच्या उभी निघालेली, फाटलेली, काचपेपरसारखी खरखरीत. शेजारी पाटी: "संशयित क्र. १. निकाल राखून ठेवला आहे."

मी गावाकडचा माणूस. पाला दिसला की बेसन आठवतं. एके दिवशी दोन पानं खुडून भजी केली. नुकताच रंगवलेला दरवाजा चाटावा तशी चव! आता जागा गेली, असं धरून मी काकांपुढे कबुली दिली. त्यांनी वही उघडली.

"चव?"

"टर्पेंटाइनची."

"छान. म्हणजे डिंक आहे. पोटात काही?"

"नाही."

"उद्या सकाळी पुन्हा कळव."

मग एक दिवस पाकीट आलंच. बागेच्या समितीचं, माझ्या नावाचं. डच पत्र, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचलं. तुमच्या जागेतलं रान चौदा दिवसांत काढा. मुद्दाम लावलेलं असेल तर झाडाचं नाव लिहून सही करा. नाहीतर जागा परत घ्यावी लागेल. मी तसाच सायकल हाणत काकांकडे.

"काका, नाव सांगा याचं."

"अजून फूल आलेलं नाही."

"कधी येईल?"

"दोन वर्षं. तीनही लागतील."

"माझ्याकडे चौदा दिवस आहेत!"

"निकाल घाईत देता येत नाही."

"मग उपटून तुमच्या अर्ध्यात लावू का?"

"वेडा आहेस? मुळं तुझ्या उंचीच्या दुप्पट खोल जातात याची. हलवलं की मेलं."

"काका, झाड कुठलं ते माहीत नाही आणि मुळं किती खोल ते माहीत?"

काकांनी वही मिटली आणि ते आत निघून गेले.

तेराव्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन बागेत गेलो. झाड त्यांचं, जागाही मुळात त्यांचीच, आणि मी ते मारायला निघालेलो. तेवढ्यात सायकलची घंटा वाजली.

"थांब. तो कागद दे इकडे."

काकांनी पेन काढलं, पुस्तक न बघता, न अडखळता लॅटिन नाव लिहिलं, खाली डच नाव लिहिलं. होकायंत्राचं झाड. अमेरिकेतल्या कुरणांवरचं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. पानांची एक कड उत्तरेला, एक दक्षिणेला. आणखी काय पुरावा हवा?"

"मग ही पाटी?"

काका पालथ्या क्रेटवर बसले. "बी मीराचं आहे. माझी नात, अमेरिकेत असते. तिच्या शाळेमागच्या कुरणातलं उचलून तिनं माझ्या खिशात घातलं. म्हणाली, 'आजोबा, हे कोण ते तुम्ही ओळखायचं.' तेव्हापासून दर रविवारी फोन. 'ओळखलंत?' मी म्हणतो, निकाल राखून ठेवलाय. मग पानं दाखवायला लावते, चिडवते, अर्धा अर्धा तास बोलते. एरवी आम्हा दोघांना बोलायला काय आहे, सांग."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुझी मेथी आहे ना इथे," काका म्हणाले. "आणि आता निकाल कागदावर लागला. तिच्याशी खोटं बोलणार नाही मी."

"चार वर्षं बोलताय की!"

"निकाल राखून ठेवणं म्हणजे खोटं नव्हे, मारुती."

सोमवारी भीत भीतच विचारलं, काय म्हणाली?

"हुशार आहात म्हणाली. चार मिनिटं बोललो."

जागा माझ्याकडे राहिली. यंदा त्या झाडाला माझ्या डोक्यावर जाईल असा दांडा आला आणि त्याला वरपर्यंत पिवळी फुलं लागली. पत्रावर ज्यांची सही होती, त्या समितीच्या रीटबाई पाहुण्यांना घेऊन ते बघायला येतात. काका त्यांना नाव सांगतात, मुळं सांगतात, चवही सांगतात. मी मेथीची जुडी दिली की देठ मोडून बघतात आणि खूश होतात. फक्त रविवारी हल्ली जरा लवकर येतात, आणि मी भाजी खुडून निघालो तरी बसून राहतात.

काका, तुमचं मी काहीच फेडलेलं नाही. पण कधी ना कधी तुम्हाला असं एक बी आणून देईन, ज्याचं नाव तुम्हाला खरोखरच कळणार नाही. आणि त्याच्या पहिल्या पानाचा फोटो मीराला मी स्वतः पाठवीन.