न्हाणीघरातली पाहणी

अनुपमा मॅडमनी न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली आणि पाचच मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, कडीची मूठ माझ्या हातात आलीय."

बाहेर कोरा टॉवेल धरून उभ्या असलेल्या निवृत्तीने दार ढकलून पाहिलं. गावोगावी पर्यटक यावेत, चार पैसे गावातच राहावेत, म्हणून सरकारने घरगुती मुक्कामाची योजना काढली होती. अभयारण्य बघायला सोनाळ्यात येणाऱ्यांना आपल्या घरी उतरवायचं, असं त्याच्या बायकोने, कोकिळाने, मनावर घेतलं. सहा महिने नवऱ्याच्या मागे लागून तिने मागच्या अंगणात दोन खोल्या आणि हे टाइल्सचं न्हाणीघर बांधून घेतलं. आज मंजुरीची पाहणी होती. बुलढाण्याहून जीपमध्ये हादरत आलेल्या मॅडमनी पाणीही न पिता आधी न्हाणीघर विचारलं, तेव्हा बाई कामाच्या फार कडक आहेत, असं निवृत्तीला वाटलं होतं.

"मूठ परत बसवून पाहा ना, मॅडम."

"बसवली. आता आतला खिळा पडला."

शेजारचा गजेंद्र मोटारपंप दुरुस्त करायचा. तो पिशवी घेऊन आला आणि त्याने दारावर थाप मारून पाहिली. "एका लाथेचं काम हाय, भाऊ."

"खबरदार!" कोकिळा ओरडली. "फारमात दाराचा रकाना हाय. मोडकं दार लिहून जाईन बाई."

"मंग बिजागऱ्या काढू."

"त्या आतून हायेत बे," निवृत्ती पुटपुटला.

"आतून काऊन लावल्या?"

"चोर येऊ नये म्हणून."

"न्हाणीघरातून चोर काय नेईन? बादली?"

"जरा लवकर करता का?" आतला आवाज आता कापत होता. "मला बंद जागेची फार भीती वाटते हो."

गजेंद्रने छपराच्या टिनांकडे बोट दाखवलं. कोकिळाने पाट ओढला आणि ती दाराला टेकून बसली.

"बाई, मी इथंच बसली हाय, हलत नाही. मागच्या साली काय झालं सांगू का? आमच्या वावरात अस्वल आलं. हे चढले झाडावर, अन् अस्वल बसलं खाली बोरं खात. मी भाकरी घेऊन गेली, तं हे वरून वरडले, 'इकडं येऊ नोको! पण भाकरी फेक!'"

आतून आधी हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग ते हसू आहे हे कळलं.

"हे काऊन सांगू राह्यली?" निवृत्तीने दबक्या आवाजात विचारलं.

"तुमी टिनाचं पाहा!"

गजेंद्रने छपराचे नट सोडवून एक टिन सरकवलं आणि आत शिडी सोडली. आधी फाइल वर आली, मग जाळी-जळमटं माखलेल्या मॅडम. त्या शेजारच्या खोल्यांच्या गच्चीवर उतरल्या आणि एकदम स्तब्ध झाल्या.

"मॅडम, चक्कर आली का?" निवृत्तीने विचारलं.

"समोर तो सातपुडा ना? एवढा जवळ? अर्जात का नाही लिहिलंत?"

"तो तं रोजच दिसते. त्यात काय लिहायचं?"

मॅडम खाली यायला तयार होईनात. शेवटी कोकिळाने वांग्याचं भरीत, भाकरी आणि ठेचा वरच नेला. मॅडम दोन भाकरी जेवल्या, ठेच्याने डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं, तिसरी मागून घेतली. मग मांडीवर फाइल ठेवून फॉर्म भरला आणि निवृत्तीच्या हातात दिला. त्याने वाचलं, 'अभिप्राय : या घरात आलेला पाहुणा लवकर बाहेर पडू शकत नाही.'

त्याने मान वर केली. "मॅडम, ही तारीफ हाय का तक्रार?"

"दोन्ही. कडी उद्याच बदला. आणि खालची ओळ वाचा."

खाली लिहिलं होतं, 'मंजुरीची शिफारस.' निवृत्तीने ती ओळ दोनदा वाचली आणि मग कोकिळाला मोठ्याने वाचून दाखवली.

जीप वळणाआड गेली तशी कोकिळा गच्चीवरच मटकन बसली. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. उरलेली भाकरी भरिताला लावून तिने मोठा घास घेतला आणि डोळे मिटले.

"हळू खा," निवृत्ती म्हणाला.

"हळूच खाईन. आता आतून कोणी 'लवकर करा' म्हणत नाही."