बर्फाची आयुधपूजा

आयुधपूजेच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता, म्हैसुरातल्या हेब्बाळच्या ध्रुवीय प्रदूषण अभ्यास केंद्रात, उत्तर ध्रुवाजवळून आणलेल्या बर्फाला कुंकू लावण्यात आले.

ज्याच्यावर आपले पोट चालते त्याची वर्षातून एकदा पूजा व्हावी, याबाबत म्हैसुरात दुमत नाही. बसची होते, स्कूटरची होते, न्हाव्याच्या वस्तऱ्याची होते. केंद्राचे पोट बर्फाच्या एका हातभर कांडीवर चालत होते. तिलाच वगळणे हा अन्याय झाला असता. संचालक खंडोजीराव हे राजाच्या घोडदळातल्या शिपायांचे वंशज. त्यांच्या घरी पणजोबांची तलवार अजून पुजली जाते. (खंडोजीरावांच्या हयातीत तिने फक्त कोहळे कापले आहेत.) फ्रीजरच्या दाराला हळद लावून भागले असते, पण म्यानाची पूजा करायची आणि तलवार आतच ठेवायची, हे त्यांच्या घराण्यात बसत नव्हते.

केंद्राची शास्त्रज्ञ वेदवती तेव्हा हूटगळ्ळीच्या थांब्यावर उभी होती. तिच्या बसची पूजा चालू होती. ती पोचली तेव्हा दारात कोहळा फुटलेला होता, मदतनीस भव्याने फ्रीजरला झेंडूची माळ घातली होती, कापूर जळत होता आणि बर्फाची कांडी ताम्हणात बसून शांतपणे पाझरत होती.

"सर! हे काय केलंत?"

"काय केलं? स्वल्प कुंकू लावलं," खंडोजीराव म्हणाले.

"तिच्यातली काजळी मोजायची होती हो!"

"मग मोजा की, वेदवतीबाई. आता दिसेल तरी."

"भव्या, तू तरी सांगायचंस!"

"अय्यो अक्का, सांगितलं की! उदबत्ती जरा लांब धरा म्हटलं."

वेदवतीच्या रागाला कारण होते. पुढच्या मोहिमेत ध्रुवावर जाणाऱ्या पथकात एकच जागा रिकामी होती, आणि या कांडीचा अहवाल दिल्लीच्या समितीला पटला तरच ती तिला मिळणार होती. दुसरी कांडी नव्हती. आयुष्य ध्रुवीय बर्फाला वाहिलेल्या या बाईने आजवर डोळ्यांनी पाहिलेला सर्वात मोठा बर्फ म्हणजे लष्कर मोहल्ल्यातल्या सोडावाल्याकडची लादी.

कांडी धुऊन काढावी, असे खंडोजीरावांनी सुचवले. (नळाच्या पाण्याने.) वेदवतीने नकार दिला आणि जे सापडले ते तसेच लिहिले:

कुंकवाचा रंग, भरपूर. स्रोत: संचालकांची उजवी अनामिका.
हळद, मध्यम. स्रोत: तेच बोट.
काजळी. स्रोत: आरती, सामूहिक.
झेंडूचे पराग. स्रोत: भव्या.

अहवाल पाठवून तिने ध्रुवाची आशा सोडली. पण समिती भारावून गेली. समितीपुढे आजवर आलेले सगळे अहवाल 'दूरवरच्या अज्ञात स्रोतां'वर बोट ठेवून मोकळे होत. प्रदूषण करणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि बोट देणारा हा पहिलाच. समितीने केंद्राचे अभिनंदन केले. खंडोजीरावांनी ते पत्र चौकट करून तलवारीशेजारी टांगले. वेदवतीची जागाही मंजूर झाली, एका किरकोळ अटीवर.

अहवालात पाचवी नोंद होती. कांडीच्या अगदी गाभ्यात, जिथे ना बोट पोचले ना आरती, तिथे निळ्या प्लॅस्टिकचा एक कण होता. त्यापुढे वेदवतीने 'स्रोत: अज्ञात' असे लिहिले होते. समितीला हे खटकले. चार नोंदींत इतकी सचोटी आणि पाचवीतच आळस का? नाव कळवावे आणि निघावे.

वेदवतीने कण पुन्हा तपासला. तो दुधाच्या पिशवीचा निघाला. पिशवी फोडताना कात्रीखाली जो इवलासा कोपरा सुटतो, तो मोरीतून गटारात, गटारातून नदीत आणि तिथून समुद्राकडे जातो. पुढचा प्रवास तो सरकारी मदतीशिवाय आणि समितीच्या मंजुरीशिवाय करतो.

केंद्रात चौकशी झाली. आपण कोपरा पिशवीलाच लटकता ठेवतो, असे प्रत्येकाने शपथेवर सांगितले. (घरी दूध कोण फोडते हेच खंडोजीरावांना ठाऊक नव्हते, त्यांना पुराव्याअभावी सोडण्यात आले.) मग गल्लोगल्ली विचारणा झाली. तिथेही सगळे लटकताच ठेवतात. भेटलेल्यांपैकी शंभर टक्के लोक निर्दोष आढळले. असा निकाल विज्ञानात दुर्मिळ आहे.

वेदवतीची लोकरीची टोपी आली आहे. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. पथक महिनाअखेरीस निघेल.

आता विचारायचे फक्त तुम्ही उरला आहात. आज सकाळी दुधाची पिशवी फोडल्यावर तो कोपरा कुठे गेला, एवढेच केंद्राला कळवायचे आहे. हे लिहीपर्यंत कोणाचेही उत्तर आलेले नाही.