कांबळे डॉक्टर आणि मानेचा पट्टा

आमच्या वरच्या मजल्यावरचे कांबळे डॉक्टर लहान पोराला कधी नाव विचारत नाहीत. आधी तळपायाला गुदगुल्या! बारशाला गेले तरी तेच. पोरानं खिदळून पाय ओढला की म्हणणार, "ब्येस! चालू हाय." जणू पंखा दुरुस्त करून बघतायत.

करमाळ्याचा माणूस, हाडांचे डॉक्टर, एकटेच राहतात. आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेत पोर पडलं की बखोटीला धरून उभं करायचं, पाठ झटकायची आणि "मुंगी मेली बघ!" म्हणायचं. हे कानावर पडलं की डॉक्टर बनियनवरच धावत खाली. "उचलायचं न्हाय! मान हलवायची न्हाय!" सगळी गल्ली हसते.

मग आमची सानिका जिन्याच्या कठड्यावरून घसरताना डोक्यावर पडली. मी धावले, तर वरून आरोळी, "वहिनी, हात लावू नगा!" डॉक्टर तिच्याशेजारी फरशीवर आडवे झाले.

"बाळा, हाताला झिणझिण्या आल्या का गं?"

"आल्या होत्या. गेल्या."

गुदगुल्यांना पोरगी हसली. डॉक्टर हसले नाहीत. फळीवर बांधूनच दवाखान्यात नेलं. एक्स-रे स्वच्छ! आमचे हे पेढे आणायला निघालेसुद्धा. डॉक्टरांनी त्यांचा शर्टच धरला.

"थांबा की वो! पोरांची हाडं लई लवचिक. वाकत्यात आन परत जाग्यावर येत्यात. आतला मज्जारज्जू दुखावला तर ह्या फोटोत दिसत न्हाय. झिणझिण्या उगं येत न्हाईत. एमआरआय करा."

केला. मानेत मज्जारज्जूला सूज.

"येळेत कळलंय," डॉक्टर म्हणाले. "पळंल पोरगी. फकस्त मानेला परत हिसका बसाय नको."

मानेला पट्टा आला. आणि ही महामाया, जिन्यातली पोरं हसतात म्हणून गुपचूप काढून ठेवायची! मी रागावले, रडले, हात जोडले. एकदा तर पट्टा पिठाच्या डब्यात सापडला. डॉक्टरांना सांगितलं, तर नुसतं "हं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दूध आणायला निघाले ते मानेला पट्टा लावून. भर मे महिन्यात, सोलापुरात! पेशंटच त्यांना विचारायला लागले, "डाक्टर, तुमाला काय झालं?" पोरं सानिकाला सोडून त्यांना हसायला लागली. मग काय, बाईसाहेब पट्टा लावून ऐटीत त्यांच्याबरोबर फिरायच्या. मागे बघायचं तर दोघं अख्ख्या अंगानं वळायची.

तिचा पट्टा कायमचा सुटला त्या दिवशी मी म्हटलं, "डॉक्टर, काढा की आता तुमचाही. घामोळं उठलंय."

त्यांनी पट्ट्याला हात लावला आणि तसाच ठेवला.

"ऱ्हाऊ द्या अजून दोन दिस, वहिनी. रोज सांजच्याला पोरगी वर येती, माझा पट्टा नीट बसलाय का बगाय. माझ्याकडं असं कोण येतंय?"