बिनकारणाच्या चार जागा

निगडमाळच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या जागा चाळीस आणि अर्ज आले अठ्ठावन्न. हे ऐकून शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष लालासाहेब यांनी आधी मिशीवर ताव मारला आणि मग कपाळाला हात लावला. ताव एवढ्यासाठी की, लोक इंग्रजी शाळेतून पोरं काढून आपल्या शाळेत आणत होते. आणि कपाळाला हात एवढ्यासाठी की, आता अठरा घरं आपल्याशी बोलायची बंद होणार.

मुख्याध्यापिका विजयमालाबाईंनी तालुक्याहून आलेलं पत्र पुढं सरकवलं. प्रवेश आधी कुणाला द्यायचा, याचा नियम शाळेनं करावा, पण गावाला विचारून करावा. मसुदा फलकावर लावावा, पंधरा दिवस सूचना आणि हरकती घ्याव्यात आणि ग्रामसभेत वाचून पक्का करावा.

"हात्तिच्या! लिवा बाई," लालासाहेब म्हणाले. "ज्याचं घर शाळंला जवळ, त्याचं पोर आधी. मिटला विषय!"

आता लालासाहेबांच्या घराची आणि शाळेची भिंत एकच, हा निव्वळ योगायोग बरं का! त्यांची नात क्रांती यंदा पहिलीला होती. वर्षभर ती परसातल्या दगडावर उभी राहून, खिडकीतून आत चाललेले पाढे मोठ्यानं म्हणत असे. तिला ह्या शाळेत घालायचं, एवढी एकच इच्छा आता म्हाताऱ्याच्या मनात उरली होती.

नियम चांगला होता. घोळ होता तो अध्यक्षांच्या स्वभावात. लालासाहेबांना तोंडावर नाही म्हणताच येत नसे. साखर कारखान्याच्या निवडणुकीत त्यांनी तिन्ही पॅनेलला शब्द दिला होता आणि तिन्ही सभांना पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटल्या होत्या. असा माणूस सूचना घ्यायला बसला, म्हणजे काय होणार ते सांगायला नकोच.

पहिल्याच दिवशी मळ्यातल्या वस्तीवरचा जोतिबा आला. "आवं अध्यक्ष, आमची पोरं चिखल तुडवत येत्यात. लांबच्यांना आधी घ्याया नगं व्हय?"

"व्हय की! घ्या बाई लिवून."

दुसऱ्या दिवशी त्यांचा जिवलग दोस्त, निवृत्त सुभेदार नाथाजी, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "माझा जयराज तिकडं बर्फात हुबा हाय आन त्याच्या पोरानं रांगंत हुबं ऱ्हायाचं? फौजीचं पोर आधी!"

"आरं, हे काय सांगाय लागतंय व्हय गड्या? लिवा बाई."

मग शिलाईकाम करणारी महेजबीन आली. तिच्या रुक्सारचा अर्ज होता. "मी ह्याच शाळंत शिकले. ज्यांची आई न्हाईतर बाप हितंच शिकला, त्येंच्या पोरांचा हक्क पयला न्हाई का, चाचा?"

"शंभर टक्के!" लालासाहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या मुलाला, धैर्यशीलला, मोठ्या हौसेनं साताऱ्याच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं होतं, ही गोष्ट त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलीच नाही.

मोठी भावंडं शाळेत असलेले आले, इंग्रजी शाळा सोडून आलेले आले, शाळेच्या मैदानाला ज्यांच्या आजोबांनी जागा दिली ते आले. एक तर म्हणाला, आमचं पोर जुळं आहे. लालासाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सगळ्यांचं लिहून घेतलं. गावात त्यांच्या नावाचा नुसता जयजयकार चालला होता. म्हातारा खुशीत घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाऊ लागला.

चौदाव्या दिवशी विजयमालाबाईंनी चष्मा पुसला. "अध्यक्ष, मी यादी लावून बघितली. अठ्ठावन्नपैकी सत्तावन्न मुलांना काही ना काही कारण निघालंय. त्यांच्यातच चाळीस जागांसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागणार. आणि लांबच्यांना आधी घ्यायचं म्हटल्यावर जवळ घर हे कारणच उरलं नाही."

"म्हंजी एकच पोर बिनकारणाचं ऱ्हायलं? अरारारा! कुनाचं वं ते बिचारं?"

बाईंनी वही त्यांच्याकडं फिरवली. क्रांती धैर्यशील, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. वस्ती नाही, फौज नाही, मोठं भावंड नाही, बाप साताऱ्यात शिकलेला, आई साताऱ्याचीच. लालासाहेबांनी यादी खालून वर वाचली, वरून खाली वाचली. पोर काही कुठं बसेना.

"तुम्ही हरकत घ्या ना," बाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

"आन गाव काय म्हनंल? अध्यक्षानं नातीसाठी नियम फिरवला! नगं बाई."

त्या दिवशी घरी त्यांच्या घशाखाली घास उतरेना. परसातून क्रांतीचा आवाज येत होता, बे सक बारा, बे साते चौदा. म्हाताऱ्याला ते ऐकवेना. शेवटी सून अंकिता भाकरी वाढता वाढता थांबली. "मामा, काय झालंय ते सांगा बघू." मग त्यांनी सगळं सांगून टाकलं.

अंकिता आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसली. "अर्ज मी देते. मी आई आहे तिची, मला कोण अडवतंय?"

"काय लिवणार? सासऱ्याला न्हाई म्हनाय येत न्हाई म्हनून?"

"ते सगळ्या गावाला माहीतच आहे. त्यासाठी कागद कशाला वाया घालवू?"

ग्रामसभेत बाईंनी शेवटची सूचना वाचली. "ज्या मुलासाठी कोणतंही कारण सांगता येत नाही, अशांसाठी चार जागा वेगळ्या ठेवाव्यात. एवढे अर्ज नसतील तर उरलेल्या जागाही पुढच्या जूनपर्यंत त्यांच्याच राहाव्यात, मध्येच कुणी आलं तर." सभा हळहळली. महेजबीननं डोळे टिपले. "खरंच की, ज्याचं कुनीच न्हाई त्यानं जायाचं कुटं?" नाथाजी उठून उभा राहिला. "लय मानुसकीची सूचना! टाळ्या वाजवा रं!" सगळ्या घरांचे हात एकदम वर गेले. असं अभागी पोर गावात कुठलं आहे, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. लालासाहेब खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर यादी लागली. कारणं असलेल्यांच्या जागा छत्तीस, अर्ज सत्तावन्न, चिठ्ठ्या सोमवारी. बिनकारणाच्या जागा चार, अर्ज एक, क्रांतीला प्रवेश. लालासाहेबांनी नातीला फलकासमोर उचलून धरलं.

दहा वाजेपर्यंत गावानं हिशेब केला. तीन जागा रिकाम्या! जो तो, ही अक्कल फक्त आपल्यालाच सुचली, अशा समजुतीनं घाईघाईनं शाळेत शिरला आणि आत बघतो तर सगळं गाव.

"आमची वस्ती कुटली लांब?" जोतिबा म्हणाला. "हाक मारली तर ऐकू येतीया."

"मी शिकले हितं, पर मला कायबी आलं न्हाई," महेजबीन म्हणाली. "बाईंना इचारा की, चाचा."

जुळ्याचा बाप म्हणाला, "दोगं येगयेगळ्या दिशी जन्मल्यात, बाराच्या अलीकडं आन पलीकडं."

सगळ्यांत पुढं नाथाजी, हातात अर्ज घेऊन. "लालासाहेब, जयराज फौजेत हाय खरा," तो आवाज उतरवून म्हणाला, "पर तेवढा न्हाई."

सगळी माणसं लालासाहेबांकडं आशेनं बघू लागली. विजयमालाबाईंनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं. लालासाहेबांनी नातीकडं बघितलं, फलकाकडं बघितलं, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "न्हाई. मुदत संपली."

नाथाजीनं अर्जाची घडी घातली आणि डोक्यावर टोपी नीट बसवली.

"आरं गड्या," तो म्हणाला, "हेच पंधरा दिस आधी म्हनाला असतास, तर आमी कशाला आलो असतो?"